कुटुंबाचे छायाचित्र : कोणत्या ऋतूत आणि किती वाजता?

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत. घरातील सगळी माणसे एकत्र येणार आहेत, स्टुडिओऐवजी मोकळ्यावर फोटो काढायचे आहेत, तर ऋतू, दिवस आणि वेळ कशी ठरवावी, असे बहुतेकांनी विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे पुण्यात राहून हेच काम करत आलो आहे आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून या अंकातील सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रे थोडी आवरती घेतली आहेत.

आमचे चौदा जणांचे कुटुंब आहे. धाकटे दीर अमेरिकेतून २० डिसेंबरला येतात आणि ४ जानेवारीला परत जातात. सासूबाई ८२ वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. सर्वांत लहान नात दहा महिन्यांची आहे. सिंहगडावर सूर्योदयाच्या वेळी फोटो काढावेत असे मुलांच्या मनात आहे. आपला सल्ला काय?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

मुलांची हौस समजते, पण या बेताला माझा विरोध आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास उगवतो. त्या वेळी गडावर पोहोचायचे तर घरातून पाचच्या सुमारास निघावे लागेल. बाळाची झोपमोड होईल, सासूबाईंना वाहनतळापासून पुढे पायऱ्या चढाव्या लागतील आणि वर गेल्यावर बोचरा वारा असेल. स्वेटर, शाली आणि कानटोप्या घातलेल्या चौदा माणसांचा फोटो काढण्यासाठी इतका खटाटोप करण्यात अर्थ नाही, आणि स्वेटर काढायला लावले तर गारठा चेहऱ्यावर दिसतोच.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी स्वतः आग्रह करून पहाटे एका टेकडीवर नेले होते. उजेड अप्रतिम होता. घरातील आजोबा मात्र चढून दमले होते आणि त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत त्यांचा एक हात गुडघ्यावर आणि डोळे अर्धवट मिटलेले आहेत. त्यानंतर ते सगळे पुन्हा एकत्र आले नाहीत. त्या घरातील भिंतीवर तोच फोटो लावलेला आहे आणि तो पाहताना मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून कोणत्याही कुटुंबाला मी पहिला प्रश्न हा विचारतो की, घरातील सर्वांत म्हातारे माणूस आणि सर्वांत लहान मूल दिवसाच्या कोणत्या दोन तासांत सर्वांत प्रसन्न असते. त्याचे उत्तर मिळाल्यावर उजेडाचा आणि जागेचा विचार सुरू होतो.

तुमच्या बाबतीत सुदैवाने डिसेंबर मदतीला येतो. उन्हाळ्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा उभ्या खांबाचीही सावली पडत नाही आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत मात्र काळोख साचतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारीही ४८ अंशांच्या आसपासच चढतो. साडेचारला तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो आणि सव्वापाचला दहा अंशांवर येतो. म्हणजे दुपारची झोप काढून, चहा घेऊन, सगळे आवरून निघालेल्या कुटुंबालाही चांगला तिरपा उजेड मिळतो. सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास होतो. मी तुम्हाला चार वाजता जागेवर पोहोचायला आणि सव्वाचारला पहिला फोटो काढायला सांगेन.

जागा घरापासून अर्ध्या तासाच्या आत असावी, गाडी थेट तिथपर्यंत जावी, जवळ स्वच्छतागृह असावे आणि झाडांची किंवा भिंतीची एक मोठी, सलग सावली असावी. नातेवाइकांचे शेत, जुन्या वाड्याचे अंगण किंवा सोसायटीची बागसुद्धा चालेल. सार्वजनिक बागेत जाणार असाल तर मोठा कॅमेरा आणि तिपाई चालते का, शुल्क किती, हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावे. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंमध्ये तिपाई आणि दिवे लावायला परवानगी लागते, आणि चौदा जण आवरून दारात उभे असताना ही गोष्ट कळणे फार त्रासाचे असते.

फोटोंचा क्रमही महत्त्वाचा आहे. सासूबाई ताज्यातवान्या असतात आणि बाळ नुकतेच झोपेतून उठलेले असते, म्हणून चौदा जणांचा फोटो सर्वांत आधी, सावलीत काढावा. सासूबाईंसाठी हात असलेली, थोडी उंच खुर्ची घरूनच न्यावी. प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांना त्रास होतो आणि साडीच्या निऱ्याही विस्कटतात. त्यानंतर त्यांच्याबरोबर फक्त नातवंडे, मग फक्त मुलगे आणि सुना, असे वीस-पंचवीस मिनिटांत उरकावे. पावणेपाचनंतर त्यांनी शाल पांघरून गाडीत बसावे किंवा सरळ घरी जावे. सव्वापाचनंतरचा सोनेरी उजेड तरुण जोडप्यांना आणि धावणाऱ्या मुलांना द्यावा. हा उजेड आपल्याकडे फार वेळ टिकत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, त्यामुळे पाऊण तासात सगळे संपते. त्यातच हिवाळ्यात शहराभोवती धुरकट थर साचलेला असतो आणि मावळण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच सूर्य फिका, लालसर गोळा होऊन विरून जातो. सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहून तिच्या भरवशावर राहू नये.

तारखेविषयी एवढेच सांगतो की, दीर आल्यानंतरचे पहिले तीन दिवस सोडावेत, कारण लांबच्या प्रवासाची झोप डोळ्यांखाली दिसते. २४ ते २८ डिसेंबर यांमधील एक दिवस ठरवावा आणि दुसरा राखीव ठेवावा. बाळाला सर्दी होणे ही अपवादाची गोष्ट नसते.

पावसाळ्यात सगळे हिरवेगार असते, तरी छायाचित्रकार आम्हाला नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगतात. आम्हाला चार वर्षांच्या मुलीबरोबर धबधब्यापाशी किंवा कासच्या फुलांमध्ये फोटो हवे आहेत. हे शक्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

पावसाळा टाळण्याचे कारण नाही. माझ्या मते, फोटोतील चेहऱ्यांसाठी आपल्याकडचा सर्वांत दयाळू उजेड पावसाळ्यातच असतो. ढगांचा थर म्हणजे आकाशभर ताणलेला पांढरा पडदा. त्यातून उतरणारा उजेड सगळीकडून सारखा येतो, कोणी डोळे बारीक करत नाही आणि सकाळी अकरा वाजताही फोटो काढता येतात. उन्हाळ्यात हे स्वप्नातही शक्य नसते. मुंबई परिसरात मान्सून सरासरीने ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्यातील जुलै हा महिना मी सहसा सोडतो, कारण झड लागली की दोन-दोन दिवस उघडीप मिळत नाही. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला, कारण सरी येतात, जातात आणि मध्ये तास-दीड तासाची उघडीप देतात. श्रावणातील ऊन-पावसाचा खेळ कॅमेऱ्यासाठी अवघड असतो, पण एखाद्या क्षणी ओल्या पानांवर मागून ऊन पडते तेव्हा जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही ऋतूत मिळत नाही.

धबधब्याच्या बाबतीत मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यांत लहान मुले होती. ती माणसे पाण्यात उभी असताना डोंगरावरील पाऊस अचानक वाढला आणि काही क्षणांत प्रवाह चढला. घाटातील ओढ्याचे पाणी तुमच्या डोक्यावरील ढगाकडे पाहून वाढत नाही, ते वर कुठेतरी पडलेल्या पावसाने वाढते. अशा ठिकाणी चार वर्षांच्या मुलीला उभे करून मागे पाहत पाहत फोटो काढणे मी कोणत्याही मोबदल्यात स्वीकारणार नाही आणि जो छायाचित्रकार स्वीकारतो त्याच्याकडे जाऊ नये. धबधबा हवाच असेल तर तो लांब, दरीपलीकडे, पार्श्वभूमीत असावा. दृश्य दाबून जवळ आणणारी लांब पल्ल्याची लेन्स लावली की, अर्धा किलोमीटर दूर असलेली पांढरी धार कुटुंबाच्या पाठीशीच असल्यासारखी दिसते.

कासविषयीही तुमची थोडी निराशा करावी लागेल. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. तेथे हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा ठेवलेली असून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तेरडा, सीतेची आसवे, गेंद ही फुले जांभा खडकावरील मातीच्या पातळ थरात उगवतात आणि एका पावलाखाली किती रोपे मोडली हे मोडणाऱ्याला कळतही नाही. फुलांमध्ये बसून फोटो काढणे तेथे चालत नाही आणि चालूही नये. वाटेवर उभे राहून, फुले मागे ठेवून दोन-चार फोटो मिळतील. तेवढ्यावर समाधान मानायचे असेल तर जरूर जावे, पण कुटुंबाच्या निवांत फोटोसेशनची ती जागा नव्हे. त्यापेक्षा सप्टेंबरमध्ये सह्याद्रीतील कितीतरी गावांच्या माळावर सोनकीचा पिवळा गालिचा पसरलेला असतो. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन बांधाच्या कडेला उभे राहिलात, तर त्याच रंगात, गर्दीशिवाय फोटो होतील.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. छत्र्या एकरंगी आणि फिक्या असाव्यात. लाल छत्रीखाली चेहरे लाल आणि हिरवीखाली आजारी दिसतात. काळी छत्री उजेड खाते. रेशमी साडी, विशेषतः पैठणी, पावसात नेऊ नये. पाण्याचे डाग रेशमावर राहतात आणि जर काळवंडते. सुती, गडद पण काळे नसलेले कपडे घालावेत. मुलीसाठी कपड्यांचे दोन जोड, टॉवेल आणि गमबूट न्यावेत, आणि तिला डबक्यात उड्या मारू द्याव्यात, कारण सगळ्यांत चांगला फोटो बहुधा तोच निघतो. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून तो वीस-पंचवीस मिनिटे पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा; मोबाइललाही हेच लागू आहे.

गुहागरला आमचे घर आहे. नोव्हेंबरमध्ये घरातील सर्वांचे समुद्रावर संध्याकाळचे फोटो काढायचे ठरवले आहे. मागच्या वर्षी गेलो तेव्हा पुळण उरलीच नव्हती आणि सगळे सुरूच्या बनात चिकटून उभे राहिलो. तारीख कशी ठरवावी?
— एक वाचक, चिपळूण

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारले असते तर त्यांनी हे उत्तर एका वाक्यात दिले असते: तिथीची पाऊणपट करा. कोकणातील हा जुना हिशेब आजही छायाचित्रकाराच्या फार उपयोगाचा आहे. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाच्या तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण चढलेले. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सहाच्या सुमारास. मागच्या वर्षी तुम्ही बहुधा सप्तमी ते दशमीच्या दरम्यान गेला असाल.

नोव्हेंबरच्या मध्यावर गुहागरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा सूर्यास्त आणि पूर्ण ओहोटी एकाच वेळी हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या, अथवा त्यांच्या पुढचे-मागचे एक-दोन दिवस निवडावेत. या दिवसांत उधाण असल्यामुळे दुपारी पाणी जितके वर येते तितकेच संध्याकाळी दूर ओसरते, आणि ओली, चकचकीत, आरशासारखी पुळण मोकळी होते. तिच्यात आकाशाचा रंग आणि माणसांची प्रतिबिंबे उतरतात. मुंबई-पुण्याहून येणारे छायाचित्रकार शनिवार-रविवार पाहून तारीख ठरवतात आणि मग अष्टमीच्या भरतीत अडकतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. पाऊणपटीच्या हिशेबात पाऊण-एक तासाचाही फरक पडू शकतो, म्हणून शेवटी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहून खात्री करावी.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे समुद्र पाठीशी घेतला की सूर्य माणसांच्या मागे येतो आणि चेहरे काळे पडतात. यावर दोन उपाय आहेत. साडेचार ते सव्वापाच या वेळात कुटुंबाला समुद्राकडे तोंड करून उभे करावे आणि मागे सुरूचे बन, जांभ्याचा गडगा किंवा माडांची रांग घ्यावी. या वेळचे ऊन चेहऱ्यावर मऊ पडते, फक्त मुलांना थेट सूर्याकडे पाहायला लावू नये. बनाच्या आत मात्र उभे राहू नये, कारण तेथे कवडसे पडतात आणि कोणाच्या नाकावर, कोणाच्या गालावर पांढरे ठिपके येतात. दुसरा उपाय सूर्य बुडाल्यानंतरचा आहे. लोक सूर्य बुडाला की चपला शोधू लागतात. त्यांनी आणखी पंधरा मिनिटे थांबावे. त्या वेळी पश्चिमेचे सगळे आकाश गुलाबी होते आणि समुद्राकडे तोंड केलेल्या माणसांवर फार हळुवार उजेड येतो. मोठ्या माणसांना हा उजेड खूप शोभतो. तिपाई आणि स्थिर उभे राहणारी माणसे एवढेच तेव्हा लागते.

पावसाळ्यातील चार महिने समुद्रावर कुटुंबाचे फोटो काढण्याचा विचारही करू नये.

फेब्रुवारीत फुललेल्या पळसापाशी आणि मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात, असे दोनदा फोटो काढायचे आहेत. मुंबईच्या छायाचित्रकाराने सांगितलेल्या वेळा आमच्याकडे जुळतील का?
— एक वाचिका, नागपूर

वेळा जुळणार नाहीत. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूर मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटांनी पुढे आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तर तुमच्याकडे सव्वासहालाच. मुंबईच्या घड्याळाने गेलात तर उत्तम उजेड संपल्यावर पोहोचाल.

पळसासाठी फेब्रुवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला आठवडा धरावा. पळसाला त्या वेळी पाने जवळजवळ नसतात, म्हणून सावलीची अपेक्षा ठेवू नये आणि सकाळी सात ते साडेआठ ही वेळ घ्यावी. फुलांचा केशरी रंग फार भडक असतो. कपडे पांढरट, राखाडी किंवा निळे असले तर तो खुलतो, आणि लाल-भगवे असले तर माणसे झाडात हरवतात. मे महिन्यात मात्र मी तुम्हाला एकच वेळ सुचवतो. सूर्य साडेपाचनंतर लगेच उगवतो, तेव्हा पावणेसहाला सुरुवात करून सातच्या आत घरी परतावे. संध्याकाळी जमीन आणि भिंती तापलेल्या असतात आणि मुले कोमेजलेली असतात. या दिवसांत बहावा आणि ताम्हण दोन्ही फुललेले असतात. ताम्हण हे आपले राज्यपुष्प असूनही त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. त्याचा जांभळा रंग पहाटेच्या थंड उजेडात फार सुंदर उतरतो.

नातवाचे बोरन्हाण अंगणात करणार आहोत. काळ्या कपड्यांत फोटो नीट येत नाहीत असे ऐकले आहे. काय काळजी घ्यावी?
— एक आजी, सातारा

आजी, काळे कपडे बदलू नका. चंद्रकळा नेसलेली सून आणि काळ्या झबल्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घातलेले बाळ, यापेक्षा फोटोला साजेसे दृश्य आपल्या वर्षभराच्या सणांत क्वचितच असेल. दोष कपड्यांचा नसतो, कॅमेऱ्याच्या हिशेबाचा असतो. समोर खूप काळे दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे. तो फोटो जास्त उजळ करतो, काळे राखाडी होते आणि हलवा पांढरा फटक पडून त्याचा काटा दिसेनासा होतो. छायाचित्रकाराने उजेडाचे माप थोडे खाली आणायचे असते. मोबाइलवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी किंचित खाली ओढली तरी काम होते.

मागची बाजू फिकी असावी: चुन्याची भिंत, वाळलेले गवत किंवा पिवळसर चादर. गडद झाडीपुढे काळे कपडे विरघळून जातात. सकाळी दव असते आणि हलवा दमट हवेत चिकट होतो, म्हणून दुपारी साडेतीन-चारची वेळ ठेवावी; बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करता येत असल्यामुळे स्वच्छ उन्हाचा दिवस निवडायला भरपूर सवड आहे. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि रेवड्या डोक्यावरून ओतल्या जातात तो क्षण दोन सेकंदांचा असतो. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जास्त ठेवायला सांगा आणि ओतणाऱ्या व्यक्तीने बाळाच्या मागे उभे राहावे, म्हणजे हात चेहऱ्याआड येत नाहीत. बाळाचे एकट्याचे फोटो ओतण्यापूर्वी घ्यावेत, कारण नंतर ते रडेल किंवा खाऊ गोळा करण्यात गुंतेल. आणि खाऊ लुटायला धावलेल्या शेजारच्या मुलांचेही फोटो जरूर घ्यावेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा भारतातून आले आहेत आणि त्यांच्याबरोबर रंगलेल्या पानांमध्ये फोटो काढायचे आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ घेतली आहे. ठीक आहे ना?
— एक वाचक, एडिसन

वेळ ताबडतोब बदला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे जातात. आदल्या दिवशी सूर्य सहाच्या थोडा आधी मावळलेला असेल, पण त्या रविवारी तुमच्या घड्याळात तो पाचच्या आधीच मावळेल आणि साडेपाचला अंधार असेल. तीन वाजता सुरुवात करावी. तुमच्या अक्षांशावर सूर्य आपल्यापेक्षा अधिक तिरपा उतरतो, त्यामुळे सोनेरी उजेड जास्त वेळ टिकतो आणि घाई करावी लागत नाही. शक्य असेल तर एक आठवडा आधी, ऑक्टोबरच्या शेवटी जावे. एका वादळी पावसात सगळी पाने खाली येऊ शकतात. आई-बाबांना तेथील थंडीची सवय नसणार. आईंच्या साडीच्या आत उबदार कपडे घालावेत आणि दर दहा मिनिटांनी गाडीत बसून ऊब घ्यावी. साडीवर घालायचा कोट आधीच रंग पाहून निवडावा, कारण शेवटी निम्म्या फोटोंत तो असणारच आहे.

बाहेर काढलेल्या फोटोंत आमच्या आईचा चेहरा छायाचित्रकाराने इतका गोरा आणि गुळगुळीत केला आहे की, ती आमची आई वाटत नाही. तो म्हणतो, हिवाळ्यातील उन्हामुळे तसे झाले. हे खरे आहे का?
— एक वाचिका, बारामती

नाही. हिवाळ्यातील तिरप्या उन्हाने चेहऱ्यावर पिवळसर झाक येते. सुरकुत्या पुसल्या जात नाहीत, उलट बाजूने आलेल्या उन्हात त्या अधिक स्पष्ट दिसतात. रंग गोरा होणे आणि कातडी गुळगुळीत होणे हे नंतर संगणकावर केलेले काम आहे. पुष्कळ छायाचित्रकार ते न विचारता करतात, कारण ग्राहकांना हेच आवडते अशी त्यांची समजूत झाली आहे, आणि ती समजूत आपणच वर्षानुवर्षे घालून दिली आहे.

सावळ्या चेहऱ्याला उजळ करण्याची गरज नसते, योग्य जागी उभे करण्याची असते. ओसरीच्या किंवा पडवीच्या कडेला, सावलीत, पण मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवले की सावळ्या रंगावर एक तजेलदार चमक येते. ती मला कोणत्याही गोऱ्या चेहऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, आवडते. सुरकुत्या सौम्य दिसाव्यात असे आईंना स्वतःला वाटत असेल तर ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरची पंधरा मिनिटे निवडावीत. पुढच्या वेळी काम देतानाच लेखी कळवावे की, कातडीचा रंग बदलायचा नाही आणि तीळ, व्रण, सुरकुत्या काढायच्या नाहीत.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या दोन प्रतींपैकी जुन्या फोटोत आईंच्या कपाळावर गोंदण आहे आणि नव्या फोटोत ते राहिलेले नाही. छायाचित्रकाराकडून मूळ, न बदललेल्या फाइल आजच मागून घ्या. अनेक जण जागा मोकळी करण्यासाठी काही महिन्यांनी त्या काढून टाकतात. फाइल मिळाल्या की आईंना शेजारी बसवून, त्यांच्या पसंतीने एक फोटो निवडा आणि जवळच्या लॅबमधून तो मॅट कागदावर छापून घ्या.